देवाच्या वाट्याचं मडकं

सुरजने आईच्या पुढ्यातल्या ग्लासात अनामिका बुडवली, हात टेबलाच्या कडेबाहेर नेला आणि दोन थेंब खाली फरशीवर पाडले. त्याचे ओठ जरासे हलले. मग नॅपकिनला बोट पुसून तो मेनूकार्ड चाळायला लागला. आपण काही केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. पण रंजीताच्या हातातला चमचा सूपच्या वाटीवर तसाच थांबला. हे तिने त्याला शिकवलेलं नव्हतं. पोराला या सगळ्यापासून लांब ठेवायचं म्हणून तर ती धानोऱ्याच्या पलीकडचं गाव सोडून, बदली मागून चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली होती. बापाचं बघून उचललं म्हणावं, तर बाप गेला तेव्हा पोरगा जेमतेम सातवीत होता. शिवाय त्याचा बाप वारलू थेंब टाकायचा तो हसत, बोलता बोलता, एक काम उरकल्यासारखा. ओठ हलवून एकेका पूर्वजाचं नाव घेत थेंब टाकणारं माणूस तिच्या माहितीत एकच होतं. केसरबाई. तिची सासू, आणि सासू होण्याआधी तिची सख्खी आत्या. त्या केसरबाईच्या दारात रंजीताने गाव सोडल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. सुरजनेही टाकलं नसावं, असं ती आत्ताआत्तापर्यंत, म्हणजे हे दोन थेंब फरशीवर पडेपर्यंत, धरून चालली होती.

इथे यायलाच नको होतं, असं तिला दारातल्या गार्डने सलाम ठोकला तेव्हाच वाटलं होतं. जटपुरा गेटच्या अलीकडची ही दगडी इमारत तिच्या लेखी अजून बँकच होती. गावाकडून नवीनच आली तेव्हा दवाखान्याच्या पगाराचं खातं उघडायला ती इथे आली होती, आणि आत पाऊल टाकताच आपोआप डोक्यावर पदर घेतला होता. एवढं उंच छत तिने तोवर कुठल्या देवळाचंही पाहिलं नव्हतं. आलापल्लीच्या सागाच्या तुळया, लांब दांड्यांना लटकलेले पंखे, काळ्या-पांढऱ्या फरश्या, पितळी गजांच्या मागे बसलेले बाबू. लोक इथे हळू बोलायचे. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे. आता त्याच गजांमागे बाटल्यांच्या रांगा लावल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागून पिवळा उजेड सोडला होता. तिजोरीच्या खोलीचा हातभर जाडीचा लोखंडी दरवाजा कायमचा उघडा ठेवून आत एकच टेबल मांडलं होतं. तिथे जेवायला लोक पंधरा दिवस आधी सांगून ठेवतात, असं सुरज मघाशी मोठ्या अभिमानाने म्हणाला. शेजारच्या टेबलावर कोळसा खाणीतले कुणी साहेब मोठमोठ्याने हसत होते. तुळया मात्र त्याच होत्या. रंजीता अधूनमधून वर बघत होती ते त्यासाठीच. त्या खोलीत तिच्या ओळखीचं तेवढंच उरलं होतं.

सुरज इथे वर्षभरापासून कॅप्टन होता. नागपूरला हॉटेलचं शिकला, दोन वर्षं तिथेच घासला आणि मग आईजवळ राहायचं म्हणून चंद्रपूरला आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की रंजीता "हॉटेलात आहे" एवढंच सांगायची. कसलं हॉटेल ते सांगायची नाही, आणि चंद्रपुरात हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने कुणी विचारायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चंद्रपूर जिल्ह्यात दारू बंद व्हावी म्हणून ज्या बाया ट्रक भरभरून आल्या होत्या त्यांच्यात रंजीता सिस्टर पुढे होती, हे अर्ध्या गावाला आठवत होतं. बंदी आली, काही वर्षं राहिली, मग उठली. उठल्यावर वर्षभरातच या बँकेचा हा बार झाला. तेव्हापासून ती या रस्त्याने जाताना मान पलीकडे फिरवायची. पोराने तीनदा बोलावलं, तीनदा तिने ड्युटी पुढे केली. यावेळी तो म्हणाला, मालक म्हणतात आईला एकदा जेवायला आण, आणि मलाही तुझ्याशी काही बोलायचं आहे, ते घरी बोलता येत नाही. पंचविशी उलटलेला पोरगा असं म्हणाला की आईच्या डोक्यात दुसरं काय येणार? तिने कपाटातली जांभळी साडी काढली, नव्या सुनेच्या जातीपातीबद्दल आपण काय बोलायचं आणि काय नाही तेही रिक्षात बसून ठरवलं. आणि बसल्यावर पाच मिनिटांत वेटरने हसत हसत हा ग्लास आणून ठेवला. बर्फाचे दोन खडे, वर एक सुकलेलं मोहाचं फूल. सुरजनेच हे मोहाचं पेय मेनूत आणलं होतं. बाहेरच्या राज्यातून बाटलीबंद येतं म्हणाला, लेबल लावून. तिने ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, पिऊ नकोस, नुसतं असू दे समोर.

नुसतं समोर असणं म्हणजे काय, हे त्याला कसं कळणार. वास तर पाळण्यात असल्यापासूनचा. चैत लागायच्या आधी पहाटे झाडाखाली पाचोळा जाळून जागा साफ करायची, टोपली घ्यायची आणि टपटप पडणारी फुलं वेचत बसायचं. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून उन्हाळ्यात आत्याच्या गावी राहायची. आपल्याला याच घरी द्यायचं ठरलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. आत्या एकेक फूल उचलताना कंबर मोडायची नाही, बसल्या बसल्या बेडकासारखी पुढे सरकायची, आणि रंजीता तिच्या मागे मागे. फुलं किती दिवस भिजत ठेवायची, कधी सडली म्हणायची, वरच्या भांड्यातलं पाणी कधी बदलायचं, पहिली धार पडायला लागली की आवाज कसा येतो, हे सगळं ती आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून शिकलेली. वर्षाची पहिली धार आत्या वेगळी काढायची. कोपऱ्यात देव बसायचे तिथे एक काळं मडकं होतं, त्यात ओतून वर पळसाची पानं बांधून ठेवायची. ते प्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. घरात कुणी जन्मलं, कुणी मेलं, मेलेल्याला देवात मिळवायचं, म्हणजे घरच्या पूर्वजांत आत घ्यायचं असलं, की त्यातलं दोनाभर, पानाचा एक द्रोण भरेल एवढं, निघायचं. त्या मडक्याला हात लावायचा तर आंघोळ करून. आता बर्फ वितळून ग्लासाला घाम आला होता आणि फूल हळूहळू एका बाजूला कलंडत होतं.

तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "तू गावाले जातोस?"

सुरजने मेनूकार्ड मिटलं. हो म्हणाला. नाही म्हणेल अशी तिला आशा होती की काय कोण जाणे, पण तो हो म्हणाला तेव्हा तिचे खांदे एकदम पडले. सुट्टीच्या दिवशी तो गाडी काढायचा, मूलवरून, सावलीवरून, वैनगंगेचा पूल ओलांडून, आणि संध्याकाळपर्यंत परत. इथे कामाला लागल्यापासून असं चाललं होतं. म्हणजे वर्षभर पोरगा डबल ड्युटी सांगून तिकडे जात होता आणि ती इकडे त्याच्यासाठी डबा झाकून ठेवत होती. आजीजवळ चैतूकाका असतो, तो बराय. घर तेच आहे, छपरावर कवेलू तेवढे नवीन घातलेत. आजी बसूनच असते, पण बोलते. त्याने हे सगळं टेबलावरच्या मीठ-मिरीच्या डब्या पुढेमागे सरकवत सांगितलं. रंजीताला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण तिला पहिली गोष्ट विचारावीशी वाटली ती अशी की आत्या माझं नाव काढते का. ती तिने विचारली नाही.

तेवढ्यात वेटरने वास्त्याची भाजी आणली. कोवळ्या बांबूचे कोंब, चिमूटभर, पांढऱ्या मोठ्या बशीच्या मधोमध, वर हिरवं पान खोचलेलं. गावात हीच भाजी टोपल्याने व्हायची. तिने घास घेतला. चव बरी होती, आणि बरी आहे याचंच तिला वाईट वाटलं.

गावातली मडकी फोडली ती रंजीताने आणि तिच्याबरोबरच्या बायांनी. याबद्दल तिला आजही काही वाटत नव्हतं, आणि कुणी वाटवायला आला असता तर तिने त्याला दवाखान्यात रात्रपाळीला आणून उभं केलं असतं. पोटं फुगलेले, डोळे पिवळे झालेले, बायकोच्या डोक्यात पाटा घातलेले, सगळे तिने पाहिले होते. ती तेव्हा गावातच उपकेंद्रावर नर्स होती, बाया तिचं ऐकायच्या, आणि गावाने ठराव केला तेव्हा काठी घेऊन पुढे तीच होती. विकणाऱ्यांची भट्टी आधी, मग घराघरातली. बिरजूच्या माईच्या घरातून आंबवलेल्या फुलांचा सडवा उकिरड्यावर ओतला तेव्हा ती बाई हात कमरेवर ठेवून म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं फोडणं सोपं असते बाई, तुह्या घरी कोपऱ्यात काय ठेवलं हाय ते आम्हाले माहीत नाई का. बाया थांबल्या. सगळ्या रंजीताकडे बघायला लागल्या. देवाच्या वाट्याला हात लावायचा नाही हे ठरावाच्या वेळी सगळ्यांनीच मानलं होतं. ते सांगितलं असतं तर बिरजूच्या माईचं तोंड तिथेच बंद झालं असतं. पण तेव्हा रंजीताला ते सांगणं म्हणजे पळवाट वाटली. सरकारी नोकरीतली, शिकलेली, आणि आपल्या घरच्यावर पांघरूण घालते असं कुणी म्हणू नये. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला कधीकधी नाकापलीकडचं दिसत नाही. ती तडक घराकडे निघाली आणि बाया मागून.

अंगणात वारलू बांबूच्या कमच्या काढत बसला होता. आत्या चुलीपाशी होती. रंजीताने चपलासुद्धा काढल्या नाहीत. कोपऱ्यातलं मडकं तिने दोन्ही हातांनी कवेत घेतलं, आणि ते जड होतं, वाटलं त्यापेक्षा जड. ती ते छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा ज्या बाईने टोमणा मारला होता ती बिरजूची मायच पुढे झाली आणि म्हणाली, "ते देवाचं हाय, बाई. ते राहू दे." तेव्हा थांबता आलं असतं. नंतर कितीदा, रात्रपाळीत, बसस्टँडवर, भाजी चिरताना, ती त्या उंबऱ्यावर थांबली होती. मडकं परत कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं, पानं नीट केली होती, पाया पडली होती. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा होत्या आणि तिचे हात वर झालेले होते. मडकं अंगणात फुटलं. वारलूच्या पायापर्यंत ओघळ गेला, त्याने पाय मागे घेतला नाही. आत्या बाहेर आली. रंजीता वाट बघत होती की आता ती ओरडेल, शिव्या देईल, आणि मग आपल्यालाही बोलता येईल. आत्या ओल्या मातीपाशी बसली, उजव्या हाताचा तळवा त्या ओलीवर ठेवला आणि एकेक नाव घ्यायला लागली. सासऱ्यांचं, त्यांच्या बापाचं, त्यांच्या आईचं, रंजीताच्या स्वतःच्या आजोबाचंही, कारण ते आत्याचे वडील होते. शेवटी म्हणाली, "आज इथीच घ्या, बाप्पा. दोना नाई आज." तेवढंच. मग उठली आणि चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आपलं पाणी आपण भरून आणायला लागली. भांडण नाही, तंटा नाही, चूल तीच, पण रंजीताच्या हातचं पाणी तिने पुन्हा घेतलं नाही.

सुरज विचारत होता, मासा मागवू का, वैनगंगेचा आहे, ताजा. तिने नको म्हणून हात हलवला. तिला खिडकीतून बाहेरच्या पायऱ्या दिसत होत्या. या सगळ्याचं खरं दुखणं त्या अंगणात नव्हतं, या पायऱ्यांवर होतं. पुढच्या वर्षी चंद्रपुरात मोर्चा आला होता. ऊन भयंकर. बँकेच्या या पायऱ्या उंच, वर पडवीची सावली, म्हणून बायांनी इथेच ठाण मांडलं. कुणीतरी भोंगा तिच्या हातात दिला. तिने काय काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. मी माझ्या सासूचं देवापुढचं मडकं फोडलं, तुम्ही तुमच्या नवऱ्याची बाटली फोडू शकत नाही का? टाळ्या. अशा टाळ्या की पारव्यांचे थवे या छपरावरून उडाले. नंतर वरोऱ्याला, मूलला, जिथे जिथे बोलावलं तिथे तिने ते वाक्य सांगितलं, आणि दरवेळी ते आणखी घासूनपुसून लखलखीत होत गेलं. आत्याचा मातीवरचा हात त्यात कधीच नव्हता. तो आला असता तर टाळ्या झाल्या नसत्या, हे तिला ठाऊक होतं, इतपत हुशारी तिच्यात होती. आणि त्या पहिल्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली वारलू भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. ट्रकमधून परत जाताना, सगळ्या बाया घोषणा देऊन घसा बसून पेंगत असताना, तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आईच्या हाताचं काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली, त्यात काय सांगायचं. तो बरं म्हणाला. वारलू प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायचा, त्याच्याशी भांडण करायचं तर आपणच दोघांचं बोलावं लागायचं.

मडकं फुटेपर्यंत तो सणासुदीला घरातच घ्यायचा, आईच्या समोर, दोनाभर, आणि गाणं म्हणत झोपून जायचा. त्या दिवसानंतर घरात थेंब नव्हता. मग तो बाहेर जायला लागला. बाहेर जे मिळायचं ते मोहाचं नव्हतं, कशाकशाचं होतं, प्लॅस्टिकच्या पन्नीत. घरी आला की अंगणातच झोपायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, वास येईल तुले. एका श्रावणात तो धानोऱ्याच्या रस्त्यावर नाल्याच्या पुलाखाली सापडला. रंजीताने आयुष्यभर बाकीच्यांच्या नवऱ्यांना दारूपासून ओढून आणलं आणि स्वतःच्या नवऱ्याला घराबाहेर काढलं. हे तिने अजून कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मातीच्या दिवशी आत्या म्हणाली होती, देवात मिळवाचं ते पुढं पाहू. रंजीताने त्याचा अर्थ लावला की तू असताना नाही. महिनाभरात तिने बदलीचा अर्ज केला.

आता सुरज पुढे वाकला होता. टाय सुटीच्या दिवशीही त्याने बांधला होता आणि त्याची गाठ तो सैल करत होता. काका-आजी तिथे बोलतात त्या बोलीत तो बोलायला लागला, घरी ती त्याला तसं बोलू द्यायची नाही. म्हणाला, आजी दरवर्षी काढते. सगळं गाव झोपलं का चैतूकाका फुलं आणून देते अन् ती बसते. उगीच वाटीभर, एका लोट्यात, कारण मडकं नाई. मग वाट पाहते. पावसाळा लागला का नेऊन मोहाखाली ओतून देते.

"कोणाची वाट?" रंजीताने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"तुई," सुरज म्हणाला. "बाबाले देवात मिळवाचं तर पहिली धार बायकोच्या हातून द्या लागते. दुसऱ्या कोणाचा हात नाई चालत. आजी म्हणते, वारलू अजून बाहेरच हाय."

शेजारच्या टेबलावरचे साहेब लोक बिल मागत होते. कुणीतरी तिजोरीच्या दरवाजात उभं राहून फोटो काढून घेत होतं. रंजीताला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं, आणि तिने ते मनात पुन्हा लावून पाहिलं. बाहेरच. आधी घराबाहेर, मग नाल्यावर, आणि आता इतकी वर्षं सगळ्या आपल्या माणसांच्या बाहेर, उंबऱ्यापाशी, आत घ्या म्हणायला कुणी नाही म्हणून. म्हणायचं होतं ते तिनेच. आणि ती इकडे चंद्रपुरात, आपल्याला हाकललं म्हणून, मूग गिळून बसली होती. "मग तिनं मले बोलावलं काऊन नाई?" ती म्हणाली. आवाज चढला होता, पलीकडचा वेटर वळून बघायला लागला.

"मीबी हेच म्हटलं. तर म्हणे, आपल्या घरी याले बोलावणं काऊन लागते."

 सुरजने उरलेलं सांगितलं. यंदा आजीच्याने होणार नाही. हात थरथरतात, एका डोळ्याने दिसत नाही. त्याने इथली बाटली न्यायचं म्हटलं तर चैतूकाकाने वेड्यात काढलं, पुलापलीकडच्या जिल्ह्यात बंदी अजून आहे, पुलावर पोलीस गाडी तपासतात, आणि नेली तरी देव ती लेबलवाली घेणार आहेत का. शिवरात्र झाली, आठ-पंधरा दिवसांत फुलं पडायला लागतील. आजी म्हणाली, तिले विचारून पाह्य. येते का. काढून देते का. नाही आली तरी काही नाही म्हणाली, पण मग मी गेल्यावर त्याच्यासाठी उंबऱ्याशी बसणारं कोणी राह्यत नाई.

रंजीताने शपथ घेतली होती, भोंग्यावरून, हजार बायांसमोर, की या हाताने थेंबाला शिवणार नाही. ती शपथ तिने पाळली होती. तिने ती आत्ता चाचपून पाहिली, आणि तिला कळलं की आड येतेय ती शपथ नाहीच. भीती आहे, साधी, पोरीसारखी भीती. आत्याच्या समोर जाऊन बसायची, गुडघ्याला गुडघा लावून, आणि ती आपल्याकडे बघेल याची. फोडली त्यातली सगळी मडकी बरोबर होती, एक सोडून. आणि ते एक फोडलं तेव्हा ती दारूच्या विरुद्ध नव्हतीच, ती फक्त बायांना आपण किती खरे आहोत ते दाखवत होती. एवढं साधं कळायला नवरा जावा लागला, गाव जावं लागलं, आणि शेवटी या बँकेत येऊन पोराचं बोट ग्लासात बुडताना पाहावं लागलं. तिला रडू आलं. पदर नाकाशी धरून ती उठली आणि म्हणाली, मले बाहेर ने, इथी दम घुटून राह्यला. ग्लास तसाच होता, भरलेला. टेबल आवरायला आलेल्या वेटरची नजर फरशीवरच्या थेंबांकडे गेली आणि त्याने खांद्यावरचं फडकं काढलं. "राहू दे," रंजीता म्हणाली. वेटरने सुरजकडे पाहिलं, सुरजने मान हलवली, आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

पायऱ्यांवर अजून दिवसाचं ऊन मुरलेलं होतं, दगड कोमट लागत होता. समोर लिंबाचं झाड नव्हतं, ते रस्ता रुंद करताना गेलं, तिथे मोबाइलचं दुकान होतं. ती वरून तिसऱ्या पायरीवर बसली. इथेच उभी होती, बहुतेक. खालून जाणारे लोक जांभळ्या साडीतल्या बाईकडे बघत होते, बारच्या पायरीवर बाई बसलेली पाहून त्यांना काय वाटायचं ते वाटत असेल. सुरजने चैतूकाकाला फोन लावला. तिकडे रेंज नसते, दोनदा तुटला. तिसऱ्यांदा चैतूचा आवाज आला, मग चपलांचा, मग कुत्र्याचा, मग कुणीतरी फोन कानाला उलटा लावल्यासारखी खरखर. सुरजने फोन तिच्या हातात दिला.

तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. आत्या, चुकलं माह्यं, असं. पण पलीकडून श्वास ऐकू आला, जरा शीळ घातल्यासारखा, आणि तो तिने लहानपणी रात्रभर ऐकलेला श्वास होता. तिच्या तोंडून एवढंच निघालं, आत्या, मी.  मग केसरबाई, जणू कालच पाण्याला गेलेल्या सुनेशी बोलावं तसं, म्हणाली, "येताना मडकं आणजो. इथी आता कोणी घडवत नाई. बाजारात सारं प्लास्टिकचंच येते."

रंजीताने हो म्हणून मान हलवली. मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन तोंडाने हो म्हणाली. इतक्या वर्षांत इतकंच करायचं होतं, एक मडकं घेऊन जायचं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"केवढं आणू, आत्या?"

"होतं तेवढंच."

फोन कटला. रेंज गेली की आत्याने ठेवला ते कळलं नाही. सुरज विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली ती. रंजीताने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले, मग जरा जवळ आणले, मग पुन्हा किंचित लांब. दवाखान्यात इतकी बाळं या हातांनी उचलली, इतक्या म्हाताऱ्या कुशीवर वळवल्या, तरी ते माप हातांतून गेलं नव्हतं. मडकं छातीशी धरल्यावर बोटं पलीकडे जेमतेम एकमेकांना टेकायची. "इतकं होतं," ती म्हणाली, आणि तिचे हात तसेच राहिले.